चिठ्ठी निघण्याआधी

न्यूयॉर्क शहरात परवडणाऱ्या भाड्याच्या घरासाठी अर्ज केला की तुम्हाला एक आकडा मिळतो. त्याला लॉग नंबर म्हणतात. अर्ज पहिल्या दिवशी भरा नाहीतर शेवटच्या दिवशी रात्री अकरा वाजता, फरक पडत नाही. मुदत संपली की पत्ते पिसावेत तसे सगळे अर्ज पिसले जातात आणि प्रत्येकाला क्रमांक पडतो. तो दोन-तीनशेच्या आत असेल तर पगाराच्या पावत्या आणि बँकेची कागदपत्रं गोळा करायला लागायचं. साठ हजारांच्या पुढे असेल तर विसरून जायचं आणि पुढच्या इमारतीचा अर्ज उघडायचा.

आपल्याला हे फारसं विचित्र वाटत नाही. म्हाडाच्या सोडतीच्या गप्पा ऐकतच आपल्यापैकी बरेचजण मोठे झाले. कुणाच्या आत्याचा नंबर लागला, कुणाच्या काकांनी दरवर्षी अर्ज भरूनही लागला नाही. अमेरिकेत आल्यावर एच-वन-बी व्हिसा, तर तीही सोडतच. त्यामुळे घरासाठी आणखी एक चिठ्ठी टाकायची म्हटलं की आपण खांदे उडवतो आणि म्हणतो, नशिबाचा भाग आहे.

या वेळच्या भागात आम्ही न्यूयॉर्कच्या घरभाड्यांवर बोललो, पण एक प्रश्न वेळेअभावी राहून गेला. घरं चिठ्ठ्या टाकून वाटायची, हे मुळात कशातून आलं? आणि त्याआधी ती कशी वाटली जायची? हा लेख त्याबद्दल आहे.

आधी माणसं निवडायची

न्यूयॉर्क सिटी हाउसिंग अथॉरिटी, म्हणजे नायचा, ही संस्था १९३४ साली स्थापन झाली. महामंदीचे दिवस होते. मॅनहॅटनच्या लोअर ईस्ट साइडमध्ये स्थलांतरितांच्या अंधाऱ्या, दाटीवाटीच्या टेनमेंट इमारती होत्या. त्यांच्याच जागी डिसेंबर १९३५ मध्ये नायचाची पहिली वसाहत उभी राहिली. नावही साधं होतं, फर्स्ट हाउसेस. सव्वाशेच्या आसपास घरं होती आणि अर्ज त्याच्या कितीतरी पट.

घरं कुणाला द्यायची हे तपासनीस ठरवायचे. ते अर्जदाराच्या सध्याच्या घरी जाऊन बघत. नोकरी नियमित आहे का, घर नीटनेटकं ठेवलंय का, कुटुंब ‘चांगलं’ आहे का. गरीब असून पुरत नसे, साहेबाला पटेल असा गरीब असावं लागे.

१९५३ मध्ये या निवडीला लेखी रूप आलं. नायचाने एकवीस निकषांची यादी केली. त्यातलं काही आढळलं तर अर्जदार नको त्या वर्गात जाई. दारूचं व्यसन, अनियमित नोकरी, लग्नाशिवाय झालेलं मूल. एक निकष तर घरात पुरेसं फर्निचर नसणं हा होता. ज्याला घर नाही त्याने आधी फर्निचर दाखवायचं!

खाजगी क्षेत्रात प्रकार आणखी उघड होता. मेट्रोपॉलिटन लाइफ या विमा कंपनीने शहराच्या मदतीने मॅनहॅटनमध्ये स्टायव्हसंट टाउन ही प्रचंड वसाहत बांधली. जागा मोकळी करून द्यायला शहराने आपला भूसंपादनाचा अधिकार वापरला, करातही सवलत दिली. १९४७ मध्ये लोक राहायला आले तेव्हा त्यात कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता. १९४९ मध्ये न्यूयॉर्कच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. भाडेकरूंनी चळवळ केली, दुसऱ्या महायुद्धातून परतलेले सैनिक तिच्यात होते, आणि १९५१ मध्ये शहराला अशा वसाहतींतल्या भेदभावाविरुद्ध कायदा करावा लागला.

चिठ्ठीच्या आधीचं जग हे असं होतं. तिथे नशीब नव्हतं, निवड होती. आणि निवड करणाऱ्याच्या डोक्यात चांगल्या शेजाऱ्याचं एक ठरलेलं चित्र होतं.

एकतीस अर्जदार

१९६६ साली एकतीस अर्जदारांनी नायचाविरुद्ध केंद्रीय न्यायालयात दावा लावला. होम्स विरुद्ध न्यूयॉर्क सिटी हाउसिंग अथॉरिटी या नावाने तो ओळखला जातो. त्यांची तक्रार वाचताना मला सरकारी कार्यालयातली खिडकी दिसते, ‘उद्या या’ म्हणणारी. काहींनी १९६१ मध्येच अर्ज दिला होता. ते पात्र आहेत की अपात्र, हे कुणालाच लेखी कळवलं गेलं नव्हतं. अर्ज दोन वर्षांनी आपोआप बाद होई. नवा अर्ज दिला तर आधीची वाट बघणं हिशेबात धरलं जात नसे, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. त्या काळात नायचाकडे वर्षाला सुमारे ९०,००० अर्ज येत आणि घरं सुमारे १०,००० कुटुंबांना मिळत. या दहा हजारांना कसं निवडलं, हे उरलेल्या ऐंशी हजारांना कळायचा मार्ग नव्हता.

जुलै १९६८ मध्ये अपील न्यायालयाने हा दावा ऐकण्याजोगा आहे असं ठरवलं. तसं ठरवताना न्यायालयाने जे तत्त्व मांडलं ते आपल्या विषयाच्या मुळाशी आहे. निवडीचे निकष लोकांना कळतील असे असले पाहिजेत. आणि त्या निकषांवर अनेकजण सारखेच पात्र ठरत असतील, तर पुढची निवड एखाद्या रास्त पद्धतीने झाली पाहिजे, म्हणजे चिठ्ठ्या टाकून किंवा अर्ज आल्याच्या क्रमाने.

चिठ्ठी किंवा रांग. साहेबाची मर्जी नाही.

हे वर्ष लक्षात ठेवण्यासारखं आहे. मार्टिन ल्युथर किंग यांची हत्या ४ एप्रिल १९६८ ला झाली आणि आठवड्याभरात अमेरिकेत घरांमधल्या भेदभावाविरुद्धचा फेअर हाउसिंग कायदा झाला. त्याच वर्षी नायचाने आपली एकवीस निकषांची यादीही मोडीत काढली. आजची ऑनलाइन सोडत या निकालातून थेट जन्माला आली असं मी म्हणणार नाही, मधे बरंच काही घडलं. पण चिठ्ठीला प्रतिष्ठा कशामुळे मिळाली ते इथे दिसतं. ज्याचा वशिला नाही, ज्याचं आडनाव किंवा रंग साहेबाला खटकतो, त्याच्यासाठी आंधळी चिठ्ठी हा मोठा आधार असतो. चिठ्ठीला फर्निचर दिसत नाही.

भिशीची चिठ्ठी आणि घराची चिठ्ठी

चिठ्ठी आणि रांग यांतला फरक आपल्याला भिशीवरून चटकन कळेल. बारा बायकांची भिशी आहे. दर महिन्याला सगळ्या पैसे काढतात, चिठ्ठी टाकतात, जिचं नाव निघेल तिला रक्कम मिळते. पुढच्या महिन्यात तिची चिठ्ठी बाजूला ठेवतात. वर्ष संपेपर्यंत बाराही जणींना मिळालेलं असतं. म्हणजे भिशीत चिठ्ठी फक्त ‘कधी’ ते ठरवते. मिळणार की नाही हा प्रश्नच नसतो.

घराच्या सोडतीत चिठ्ठी ‘मिळणार की नाही’ हेच ठरवते. तुम्ही दहा वर्षं अर्ज भरलेत म्हणून अकराव्या वर्षी तुमची शक्यता वाढत नाही. प्रत्येक इमारतीला पाटी कोरी.

रांग निदान पुढे सरकते. पण रांगेलाही घरांचा पुरवठा लागतो, आणि तो आटला की काय होतं ते न्यूयॉर्कमध्ये २०२४ साली दिसलं. सेक्शन एट ही केंद्र सरकारची भाडेमदत योजना आहे. कुटुंब आपल्या उत्पन्नाचा ठरलेला भाग भाडं म्हणून देतं, वरचं सरकार भरतं. नायचाची या योजनेची प्रतीक्षायादी २००९ पासून बंद होती. जून २०२४ मध्ये ती आठवडाभरासाठी उघडली. सहा लाखांहून जास्त अर्ज आले. त्यांतून दोन लाख निवडले गेले, सोडतीने. आणि हे दोन लाख म्हणजे मदत मिळालेले लोक नव्हेत, ते फक्त यादीत आले. रांगेत उभं राहता यावं म्हणून सोडत!

भांडं लहान कसं झालं

मग पुरवठा आटला कसा? याचं उत्तर काही तारखांमध्ये आहे.

जानेवारी १९७३ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी केंद्राच्या मदतीने होणाऱ्या नव्या घरबांधणीला स्थगिती दिली. १९७४ च्या कायद्याने सेक्शन एट आणलं, म्हणजे सरकारने बांधण्यापेक्षा भाड्याला मदत देण्याकडे वळण घेतलं. १९७५ मध्ये न्यूयॉर्क शहर दिवाळखोरीच्या काठावर पोहोचलं. दक्षिण ब्राँक्स, हार्लेम, ब्रुकलिनचे काही भाग इथले घरमालक इमारती सोडून जात होते, अनेक इमारती जळत होत्या. कर थकल्यामुळे हजारो पडक्या इमारती शहराच्या ताब्यात आल्या. १९८६ मध्ये महापौर एड कॉच यांनी दहा वर्षांची योजना जाहीर केली आणि शहराने स्वतःचा पैसा घालून अडीच लाखांच्या घरात घरं दुरुस्त करायचं किंवा बांधायचं ठरवलं. मात्र ही घरं बहुतांशी खाजगी बिल्डर आणि स्वयंसेवी संस्थांमार्फत झाली.

त्याच १९८६ मध्ये केंद्राच्या करसुधारणा कायद्याने नवी वाट काढली. अल्प उत्पन्न गटासाठी घरं बांधणाऱ्यांना करात सूट. आणि १९९८ च्या कायद्यातल्या फेअरक्लॉथ दुरुस्तीने सार्वजनिक घरांच्या संख्येवर झाकण बसवलं. ऑक्टोबर १९९९ मध्ये एखाद्या संस्थेकडे जितकी घरं होती, त्यापेक्षा जास्त घरांना केंद्राचा पैसा मिळणार नाही.

आता नवं परवडणारं घर मुख्यतः करारातून येऊ लागलं. बिल्डरला करमाफी द्या, किंवा जास्त मजले चढवू द्या, बदल्यात त्याने काही घरं कमी भाड्याने द्यायची. आणि जनतेच्या पैशाची सवलत घेतलेली घरं बिल्डरने आपल्या मेव्हण्याला देऊ नयेत म्हणून त्यांची जाहिरात करायची आणि सोडत काढायची. आधी ही जाहिरात वर्तमानपत्रात येई. अर्ज टपालाने मागवायचा, भरून टपालाने पाठवायचा, आणि आलेली पाकिटं सरमिसळ करून नोंदवहीत चढवली जात. ‘लॉग’ म्हणजे ती नोंदवहीच. २०१० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत हाउसिंग कनेक्ट ही ऑनलाइन व्यवस्था आली, २०२० मध्ये तिची नवी आवृत्ती आली. अर्ज मोफत आणि सोपा झाला, त्यामुळे अर्जांचा पूर आला.

२०१५ मध्ये मॅनहॅटनच्या ४० रिव्हरसाइड बुलेव्हार्ड या इमारतीची सोडत गाजली. ५५ घरांसाठी सुमारे ८८,००० अर्ज. एका घरामागे सोळाशे. ही इमारत आधीच वादात सापडली होती, कारण परवडणाऱ्या घरांतल्या भाडेकरूंसाठी तिला वेगळं दार ठेवलं होतं. ‘पुअर डोअर’ हा शब्द तिथूनच जगभर गेला. पुढे करमाफी घेणाऱ्या इमारतींना अशी वेगळी दारं ठेवायला बंदी झाली. ८८,००० विरुद्ध ५५ हे प्रमाण मात्र कुठल्याच कायद्याने बदललं नाही.

एच-वन-बीचं गणित वेगळं नाही. एप्रिल २००७ मध्ये पहिल्या दोनच दिवसांत सव्वा लाखाच्या आसपास अर्ज आले आणि ६५,००० च्या मर्यादेमुळे सोडत काढावी लागली. आपण त्या सोडतीबद्दल बोलतो, ६५,००० हा आकडा कुणी ठरवला याबद्दल फारसं बोलत नाही.

पिशवीत कुणाच्या चिठ्ठ्या

चिठ्ठी आंधळी असते हे खरं, पण पिशवीत कुणाच्या चिठ्ठ्या टाकायच्या आणि कुणाच्या आधी काढायच्या हे डोळसपणेच ठरलेलं असतं. न्यूयॉर्कच्या जाहिरातीत तीन गोष्टी बघा.

पहिली, एएमआय. म्हणजे परिसरातल्या कुटुंबांचं मध्यक उत्पन्न. त्याच्या टक्केवारीवर घराची पात्रता ठरते. ८० टक्क्यांपर्यंत ‘कमी उत्पन्न’, ५० टक्क्यांपर्यंत ‘खूप कमी’, ही मोजपट्टी १९७४ च्या कायद्यातली. पण हे मध्यक काढताना शहराबाहेरच्या काही उपनगरी काउंटीही धरतात आणि शहरातल्या चढ्या भाड्यांमुळे आकडा आणखी वर सरकवला जातो. त्यामुळे ब्राँक्समधल्या एखाद्या गल्लीत नवी इमारत येते, तिच्यावर ‘परवडणारी’ अशी पाटी असते, आणि गल्लीतल्या निम्म्या लोकांचं उत्पन्न तिच्यासाठी कमी पडतं. काही सोडतींमध्ये १३० टक्के एएमआयची घरंही परवडणारी म्हणून येतात. अर्ज नाकारला जाण्याचं कारण ‘तुम्ही फार गरीब आहात’ हे असू शकतं, हे नवख्याला पटकन खरं वाटत नाही.

दुसरी गोष्ट तुमच्या-माझ्या कामाची. १९८६ च्या करसवलतीतून बांधलेल्या घरांत, काही अपवाद सोडले तर, ज्या कुटुंबातले सगळेच पूर्णवेळ विद्यार्थी आहेत त्यांना जागा मिळत नाही. गरिबांसाठीची घरं कॉलेजची वसतिगृहं होऊ नयेत हा हेतू. म्हणजे एमएस किंवा पीएचडी करणारे चार रूममेट उत्पन्नात बसले तरी नियमात बसत नाहीत. दुसरीकडे, शहराच्या बहुतेक सोडतींना अर्ज करायला नागरिकत्वाची अट नसते. व्हिसावर नोकरी करणारा माणूस उत्पन्नाच्या चौकटीत बसत असेल तर अर्ज करू शकतो. हे आपल्या मंडळींना बऱ्याचदा माहीतच नसतं.

तिसरी गोष्ट सगळ्यात वादाची आहे, ती म्हणजे स्थानिकांना प्राधान्य. शहराचे ५९ कम्युनिटी डिस्ट्रिक्ट आहेत. १९८८ पासून इमारत ज्या भागात आहे तिथल्या रहिवाशांसाठी ३० टक्के घरं राखली जाऊ लागली. कल्पना समजण्यासारखी होती. ज्यांनी आगी, पडझड आणि गुन्हेगारीच्या काळात वस्ती सोडली नाही, त्यांना वस्ती सुधारल्यावर बाहेर जावं लागू नये. २००२ मध्ये हे प्रमाण ५० टक्के झालं.

पण न्यूयॉर्कच्या वस्त्या वंशानुसार विभागलेल्या आहेत. ज्या भागात गोरे जास्त तिथे निम्मी घरं त्यांनाच आधी जाणार, आणि बाहेरच्या कृष्णवर्णीय अर्जदाराचा लॉग नंबर चांगला असूनही मागे पडणार. २०१५ मध्ये कृष्णवर्णीय अर्जदार महिलांनी याविरुद्ध खटला भरला. शहराचं म्हणणं होतं की हे प्राधान्य काढलं तर गरीब वस्त्यांतले लोक विस्थापित होतील आणि नव्या घरबांधणीला स्थानिकांचा पाठिंबाही मिळणार नाही. खटला साडेआठ वर्षं चालला आणि जानेवारी २०२४ मध्ये तडजोड झाली. प्राधान्य २० टक्क्यांवर आलं.

मला यात दोन्ही बाजूंची अडचण खरी वाटते. एकाच नियमाने एका वस्तीतली आजी आपल्या घराजवळ राहू शकते आणि दुसऱ्या वस्तीचं दार बंदच राहतं. घरं पुरेशी असती तर या दोघींना कोर्टात समोरासमोर यावं लागलं नसतं.

गिरणगावातली सोडत

हेच मुंबईत आणखी स्पष्ट दिसतं, म्हणून थोडं तिकडे जाऊ. जानेवारी १९८२ मध्ये दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. गिरण्या हळूहळू बंद पडल्या आणि जमिनी उरल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत या जमिनींची साधारण तीन वाटे करायची तरतूद होती: एक वाटा मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला. वाटणी आता पूर्ण जमिनीची नाही, गिरणीच्या आवारात जी जमीन आधीपासून मोकळी होती तेवढ्याचीच. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा बदल कायम ठेवला.

२०१२ मध्ये म्हाडाने गिरणी कामगारांसाठी पहिली सोडत काढली. ६,९२५ घरं, आणि अर्ज दीड लाखाच्या घरात. संप सुरू होऊन तीस वर्षं झाली होती. अनेक कामगार तोवर गेले होते, त्यांच्या जागी वारसांचे अर्ज होते. सोडत पारदर्शक होती, वशिला चालला नाही, नावं सगळ्यांसमोर निघाली. तरीही ज्यांचं नाव निघालं नाही त्यांचं नशीब २०१२ च्या त्या दिवशी ठरलं नव्हतं. त्याचा मोठा भाग २००१ मध्येच ठरला होता, जेव्हा वाटायची जमीन कमी झाली.

म्हाडा घरं विकते आणि न्यूयॉर्कची सोडत भाड्याच्या घराची असते, हा फरक मोठा आहे. पण दोन्हीकडे वाटपाची पद्धत जेवढी स्वच्छ होत गेली, तेवढा वाटायच्या मालाचा प्रश्न नजरेआड गेला. १९६८ च्या त्या एकतीस अर्जदारांचं भांडण आपल्याला कसं निवडता याचं होतं, आणि ते बऱ्याच अंशी जिंकलं गेलं. ९०,००० अर्ज आणि १०,००० घरं, हे दुसरं भांडण तसंच राहिलं. त्या दहा हजारांकडे बघून आज हेवा वाटतो, ही गोष्ट वेगळी.

तर अर्ज जरूर करा. पण लॉग नंबर मोठा आला म्हणून नशिबाला बोल लावण्याआधी जाहिरात पुन्हा एकदा वाचा. घरं किती, एएमआय किती टक्के, प्राधान्य कुणाला. यांतल्या प्रत्येक आकड्याला एक तारीख आहे आणि तो बदलता येतो, कारण तो याआधी बदललेला आहे. स्थानिक प्राधान्याचे २० टक्के २०२९ मध्ये १५ वर येणार आहेत. एकूण घरांची संख्या वाढवणारी अशी कुठलीही तारीख त्या तडजोडीत नाही. ती कुणाला तरी मागावी लागेल.